पाटकऱ्याच्या कमरेचा दोर

मित्रांनो, मी एक जुना दोर आहे. अंबाडीचा. बाजारात मिळणाऱ्या त्या निळ्या नायलॉनच्या दोरासारखा मी गुळगुळीत नाही, हात लावाल तर टोचेन. माझी गोष्ट ऐकायची असेल तर नीट बसा आणि मध्येच उठू नका. अर्धवट ऐकून निघून जाणाऱ्या माणसांचा मला फार राग आहे.

बोदलकसा तलावाच्या अंगाला एक लहानसं गाव आहे. तिथल्या चैतरामने मला वळलं. अंबाडीच्या काड्या त्याने गावतळ्यात कुजत घातल्या, दगडावर आपटून धुतल्या, साल सोलून वाळवली आणि पडवीत बसून लाकडी ढेऱ्यावर माझा एकेक पदर कातला. पीळ घालताना तो कोणाशी बोलायचा नाही. वळून झाल्यावर त्याने माझं एक टोक पायाखाली धरलं, दुसरं दोन्ही हातांनी ओढलं आणि बायकोला हाक मारली, "कुंदे, हा दोर आपल्याले पुरून उरन, पायजो!" खरंच उरलो. कुंदाबाई गेली, मी आहे.

माझे दिवस मग राजा नावाच्या बैलाबरोबर गेले. पोळ्याला चैतराम मला हळदीने रंगवायचा, आणि तोरणाखाली उभी राहिलेली माणसं बैलाआधी मला हात लावून बघायची. "दोर वळावा तं चैतरामनंच," असं म्हणायची. मीही फुशारून जायचो, खोटं कशाला बोलू?

चैतराम गावचा पाटकरी होता. तळ्याचं पाणी ज्या तोंडातून शेतात सुटतं त्याला आमच्याकडे तुडूम म्हणतात. ते तुडूम उघडायचं, पाटावर उभं राहायचं आणि प्रत्येक बांधीला, म्हणजे धानाच्या वावराला, तिच्या बारीनं, पाळीनं पाणी द्यायचं, हे त्याचं काम. पावसानं दगा दिला की लोक धानासाठी जीव टाकायचे, हातघाईवर यायचे. पण चैतराम कोणाला भीक घालायचा नाही. सख्ख्या भावालाही त्याने बारीच्या आधी ओंजळभर पाणी दिलं नाही. अख्ख्या गावाने त्याच्या हातच्या पाण्याचा भात खाल्ला, असं म्हटलं तरी चालेल.

पुढे ट्रॅक्टर आला आणि राजा विकला गेला. मी गोठ्यात पडून राहिलो. उंदरांनी माझं एक टोक कुरतडलं. कोणी साधं विचारलं नाही. मला वाटलं, संपलं आपलं. तसं झालं असतं तर बरं झालं असतं.

कारण मग चैतराम विसरायला लागला. आधी चष्मा, मग जेवण, मग कुंदाबाई मेल्याचं. दिवसातून चारदा तो सुनेला, रुख्माला विचारायचा, "कुंदा कुठं गेली?" आणि ती सांगेल तेव्हा नव्यानं रडायचा. सारं विसरला, पण तुडूम विसरला नाही. दिवस कलला की पायात चप्पल नसताना तळ्याकडे चालू लागायचा. गावची पोरं मागून ओरडायची, "पाटकरी, पानी सोड!" तुमच्याच वयाची होती ती, लपवू कशाला?

एका कातीला, धानकापणीच्या हंगामात, त्याने पाणी सोडलं. धान कापून झाला होता, त्याचे कडपे बांधीत वाळत पडले होते, आणि या बुवाने जाऊन तुडूम उघडलं. हिरालालच्या बांधीतला सारा धान भिजला, त्याला कोंब फुटले. हिरालाल दारात आला आणि चैतरामच्या मुलाला, गोपीचंदला, सगळ्यांसमोर वाट्टेल ते बोलला. "तुह्या बापाले बांधून ठेव, नाई तं मी ठेवतो!"

गोपीचंद वाईट माणूस नाही. गोंदियाच्या राईस मिलमध्ये पोती उचलतो, सकाळच्या बसने जातो, अंधार पडताना परततो. त्या दिवशी तो गोठ्यात आला, मला झटकलं आणि बापाच्या कमरेला बांधलं. माझं दुसरं टोक पडवीच्या खांबाला. चैतराम ओरडला नाही. त्याने मला बोटांत धरलं, माझा पीळ चाचपला आणि म्हणाला, "चांगला दोर हाये गा. कोनं वळला?"

गोपीचंदने गाठ पुन्हा एकदा ओढून बघितली. मित्रांनो, मला तोंड असतं तर मी सांगितलं असतं.

पाच-सहा दिवसांनी चैतराम चिडला. "मले काऊन बांधून राहिला? मी का बैल हाव? पान्याची बारी चुकन ना!" तो ओढ घ्यायचा आणि मी त्याच्या कातडीत रुतायचो. मी मजबूत आहे, त्याला मी काय करू? त्यानेच केलं मला मजबूत. कमरेभोवती वळ उठले, ते चिघळले. रुख्मा त्यावर हळद लावायची आणि पुन्हा मलाच बांधून कामावर जायची. डोळे पुसायची, पण बांधायची.

तेवढ्यात गावात शिबिर आलं. गोंदियाची निशा सिस्टर दर शनिवारी ग्रामपंचायतीच्या सभागृहात बसायची आणि विसरण्याच्या आजाराबद्दल घरच्या लोकांना शिकवायची. गावच्या आशा कार्यकर्त्या सुमित्राबाई घरोघर जाऊन बोलावून आणायच्या. चहा-चिवडा असायचा, म्हणून गर्दीही असायची. मी काही तिथे गेलो नव्हतो. रुख्मा घरी येऊन सांगायची तेवढंच मला ठाऊक. सिस्टर म्हणायची, हा माणूस नाटक करत नाही, त्याचा मेंदू झिजतो आहे. त्याच्याशी वाद घालू नका. तो चालायला निघाला तर सोबत चाला, थोडं फिरवून घरी आणा. आणि काहीही झालं तरी त्याला बांधू नका.

हिरालालही शिबिराला जायचा, पुढच्या ओळीत बसायचा आणि जोरजोरात मान डोलवायचा. चिवडा दोनदा घ्यायचा.

एका शनिवारी सिस्टर म्हणाली, आता मी तुमच्या घरी येऊन बघते. गोपीचंदने मुद्दाम सुट्टी घेतली. रुख्माला म्हणाला, "बाबूजीले सोडून ठेव. दोर लपव. सिस्टर येऊन राहिली."

"नाई सोडत," रुख्मा म्हणाली. "पाहू दे तिले."

"गावात नाक कापतं का माहं?"

"कापू दे."

आणि मी तसाच राहिलो, कमरेला.

सिस्टर आत आली, मागून सुमित्राबाई, आणि कुंपणाशी सारा मोहल्ला. सिस्टरने चैतरामचा सदरा वर केला, वळ बघितले आणि तिचा आवाज चढला. "हे काय आहे? इतके शनिवार मी काय शिकवलं तुम्हाला? इन्सान आहेत ना बाबाजी?"

गोपीचंद बापाचा सदरा खाली ओढायला लागला. रुख्मा पुढे आली.

"सिस्टर, तुमी सांगता ते सारं खरं हाये. मले पाठ हाये. सोबत चाला म्हनता. उन्हाळी धानाचा रोवना चालू हाये, मी सकाळपासून चिखलात. हे मिलमध्ये. मंग सोबत कोन चालन? सोडला तं तळ्यात जाईन, बांधला तं सडून मरन. तुमीच सांगा कसा मारू याले!"

बाप्पा! सिस्टरचा राग उतरला. ती पायरीवर बसली आणि हळूच म्हणाली, "मी रोज नाही येऊ शकत ताई. माझ्याकडे खूप गावं आहेत." मग ती लोकांकडे वळली. "तुम्ही सगळे शिबिराला येता. तळ्याच्या पाण्याची बारी लावता ना? तशी यांची लावा. एका घरानं एक तास बसायचं. बस, एक तास. यांनी आयुष्यभर तुमच्या धानाला पाणी दिलं. बोला, कोण बसेल? हात वर करा."

माझा जीव, असलाच तर, त्या हातांत अडकला होता. एक हात वर आला की दुसरा येईल, दुसरा आला की मी सुटेन.

सुमित्राबाईंनी हात उचलला आणि बाकीच्यांकडे बघून तो पदरात घेतला. कोणाच्या घरी लग्न होतं, कोणाची म्हैस व्यायली होती. हिरालाल म्हणाला, "माहे कडपे भिजवले यानं. मी बसू याच्याजवळ?" एकजण हसला. पुढच्या ओळीत मान डोलवणारी सगळी मंडळी आपापल्या पायांकडे बघायला लागली.

तेव्हा एक हात वर गेला. ताठ, भर सभेत जायचा तसा.

चैतरामचा.

"माही बारी लावा जी," तो म्हणाला. "मी बसतो त्याच्यापाशी. कोन हाये बिचारा? म्हातारा हाये का? म्हाताऱ्याले असं एकटं नाई ठेवत गा."

सिस्टरने तोंडाला ओढणी लावली. कुंपणाशी पुन्हा कोणीतरी हसलं, पण ते हसू पुढे सरकलं नाही. लोक एकेक करून घरी गेले. सिस्टरला तिरोड्याहून गोंदियाची गाडी गाठायची होती, तीही गेली. जाताना तिने रुख्माच्या हातात मलमाची ट्यूब दिली. गोपीचंद आत जाऊन भिंतीकडे तोंड करून निजला.

दुसऱ्या सकाळी रोवण्याला जायची वेळ झाली तेव्हा रुख्माने वळांवर मलम लावलं, वर जुन्या लुगड्याची पट्टी गुंडाळली आणि पट्टीवरून मला बांधलं. चैतरामने हात वर करून तिला सोपं करून दिलं. "तो म्हातारा आला का वो?" त्याने विचारलं. "येतेत मामाजी," ती म्हणाली आणि पळत बांधीकडे गेली. दिवसभर तो दाराकडे बघत त्या म्हाताऱ्याची वाट पाहत होता, स्वतःच्या बारीला हजर राहून.

मित्रांनो, मी दोर आहे, मला सुटता येत नाही. गाठ माणसानेच सोडावी लागते. तुमच्या गल्लीत असा एखादा म्हातारा, एखादी म्हातारी बांधलेली असेल. दोरानं नसेल तर कडीनं, कुलपानं. मान डोलवू नका, मला त्याची चीड आहे. उठा, आत जा आणि तासभर त्याच्याजवळ बसा. तेवढा तास मी कोणाच्या कमरेला नसेन.