झिजलेल्या रुपयाचा दर्जा

मित्रांनो, निजामाच्या राज्यात जे लाखो चांदीचे रुपये पाडले गेले, त्यांतलाच मी एक जुना रुपया आहे. माझ्या एका बाजूला चारमिनार आहे. म्हणजे होता. आता नीट निरखून पाहिलं तर दोन मिनार दिसतात. बाकीचे लोकांच्या बोटांनी पुसून नेले.

आम्हा रुपयांना एका जागी राहवत नाही. टांकसाळीतून निघालो तो मी फिरतच राहिलो. मानवतच्या आडतीवर खणखणलो, गंगाखेडला नावाड्याच्या कनवटीला भिजलो, बैलबाजारात रुमालाखाली बोटांनी सौदा ठरला की या हातातून त्या हातात गेलो. मग एके दिवशी सेलूच्या कापसाच्या जिनिंगमध्ये सटवाजीच्या तळहातावर पडलो आणि माझी धावपळ थांबली.

सटवाजीच्या घरी पिढ्यान् पिढ्या गावकीची कामं. गावासाठी राबायचं आणि दारोदार भाकरी मागायची. ते सोडून तो जिनिंगमध्ये पोती वाहू लागला. त्याच्या पहिल्या मजुरीचा मी! घरी येऊन त्याने मला लहानग्या सुलाबाईच्या, म्हणजे आपल्या लेकीच्या हातावर ठेवलं.

"धर पोरी. ह्यो मागून आणलेला न्हाई," तो म्हणाला.

मला कुणी मोडलं नाही. सटवाजी मला रोज अंगठ्याने चोळायचा. त्याच्यामागे सुलाबाई चोळू लागली. बाजारात झिजलो त्याहून जास्त मी त्या घरात झिजलो.

पुढे विद्यापीठाला बाबासाहेबांचं नाव द्यायचं ठरलं आणि मराठवाडा पेटला. आमच्या वस्तीलाही आग लावली गेली. सुलाबाई मुलाला, चंद्रभानला घेऊन शेतात पळाली. ज्वारी जेमतेम गुडघ्याएवढी होती, म्हणून दोघं पालथी पडून राहिली. मी मात्र उतरंडीच्या मडक्यात, तिच्या काकणांशेजारी होतो. मडकं फुटलं, काकणं वितळली, हिरव्या काचेचा एक थेंब माझ्या पाठीला चिकटला. आग विझल्यावर तिने दोन्ही हातांनी राख उपसली. मी सापडलो, तेव्हा ती रडली नाही. पदराच्या गाठीत मला घट्ट बांधलं आणि मुलाचा हात धरून सेलूची वाट धरली.

चंद्रभान शिकला, गुरुजी झाला. अखेर विद्यापीठाला ते नाव मिळालं, त्या हिवाळ्यात त्याच्या पायाला जणू चाकं लागली. हा आनंद कुठं ठेवू आणि काय करू असं त्याला झालं होतं. कुणाकडून तरी त्याने ऐकलं की मुंबईतले जाणकार जुनी नाणी तपासून दर्जा ठरवतात आणि तसा दाखला देतात. आजोबांच्या रुपयाला असा दाखला मिळवायचाच, असं त्याने मनात घेतलं. मायलेक मला घेऊन दिनकररावांकडे गेले. ते निवृत्त कारकून होते आणि त्यांना नाणी जमवण्याचा नाद होता.

दिनकररावांनी मला भिंगाखाली धरलं. काय म्हणतील?

"पाठवू नका, गुरुजी," ते म्हणाले. "असे रुपये लय हायत. त्यात हा पार झिजला. साल दिसंना. काचेखाली असलं तर असंल. काढू का?"

"राहू द्या!" चंद्रभान घाईने म्हणाला. "ती आगीची खूण आहे."

"काढा की," सुलाबाई म्हणाली. "माझीच काकणं होती ती. मी कवाच दुसरी भरली."

दिनकररावांनी जपून काच काढली. खाली सालाचं नावही नव्हतं. चंद्रभानचा चेहरा पडला, पण तो हट्टाला पेटला.

"तरी पाठवू. फी मी भरतो."

"भराल हो. पण कागदावर काय येईल? 'अति झिजलेला, सामान्य.' ते वाचून तुमच्याच जिवाला लागंल."

"सामान्य?" चंद्रभान ताडकन उठला. "आमचा रुपया सामान्य?"

मला मुंबईला जावं असंही वाटे, जाऊ नये असंही वाटे. तेवढ्यात सुलाबाई पुढे सरकली.

"त्या कागदावर माझ्या बापाचं नाव लिवत्यात का?"

"न्हाई, बाई. साल, टांकसाळ आन् दर्जा. बस."

"मग काय करायचाय त्यो कागद?" तिने मला उचललं. "चल चंद्रभान. तुज्या शाळंतल्या लेकरांना दाखवू. त्यांना सांगता तरी येईल, कुणाचा हाय ते."

आणि म्हणून मित्रांनो, आज मी तुमच्या वर्गात आलो आहे. सुलाबाई गुरुजींच्या खुर्चीवर बसून सटवाजीची गोष्ट सांगते आहे आणि मी या बाकावरून त्या बाकावर फिरतो आहे. इतक्या वर्षांनी पुन्हा फिरतो आहे! मला जपायचं म्हणून लांबून पाहू नका. खुशाल हातात घ्या, अंगठ्याने चोळा. थोडा आणखी झिजेन, त्याचं काही नाही. तुमच्याही घरी एखादी जुनी वस्तू असेल. तिची किंमत विचारण्याआधी ती कुणी आणली ते विचारा, आणि ते सांगणारं माणूस आहे तोवरच विचारा.

चला, आता मला पुढच्या बाकावर द्या. तिकडची मुलगी केव्हाची हात पुढे करून बसली आहे.