फुलांच्या वासाचं वासरू

समजा, तुमच्या आईला तुम्ही तोंडावरून ओळखू येत नाही. आवाजावरूनही नाही, कारण तुम्हाला जन्माला येऊन जेमतेम दोन तास झालेत आणि तुमचा आवाज म्हणजे नुसतं घोगरं 'म्हँ'. तुम्हाला चार पाय आहेत आणि चारही चार दिशांना निघालेत. आईजवळ तुमची एकच खूण आहे, तुमच्या अंगाचा वास. तिनं तुम्हाला कानापासून शेपटीपर्यंत चाटलं आणि मनाशी पक्कं केलं, हे माझं. आता समजा, आई पाणी प्यायला गेली आणि ती परत येईपर्यंत तुमच्या अंगाला भलताच वास लागला. आई हुंगेल, मान झटकेल आणि म्हणेल, 'हे कोण?' तुम्ही कितीही ओरडा, 'अगं, मीच!', ती ऐकायची नाही.

या गोष्टीतल्या मुलीनं असा विचार केला नव्हता. तुम्ही आत्ताच केलात, म्हणजे तुम्ही तिच्या एक पाऊल पुढे आहात. पण त्याची फुशारकी नको. तिला कुणी सांगितलं नव्हतं असं नाही. सांगितलं तेव्हा तिचं लक्ष दुसरीकडे होतं, एवढंच.

घरात तिला धाकटी म्हणत. थोरली बहीण, म्हणजे ताई, ऑफिस सांभाळायची. ऑफिस म्हणजे टायरच्या दुकानावरच्या दोन खोल्या. पहिल्या खोलीत टेबल, फोन, भिंतीवर नकाशा आणि खालून येणारा रबराचा वास. दुसऱ्या खोलीत तंबूंच्या पिशव्या, घडीच्या खुर्च्या आणि एका पायानं लंगडणारा पलंग. आई गाइड होती. शहरातल्या माणसांना गाडीत बसवून ती दूरच्या माळरानावर न्यायची, गुरं राखणाऱ्या लोकांकडे. त्या लोकांचं सगळं जगणं गुरांमागे चालायचं. गवत संपलं की मुक्काम हलायचा. आईला त्यांची बोली येत होती आणि आईच्या मागे लागून धाकटीही ती शिकली होती.

सुट्टीत धाकटीला गाडीत जागा मिळायची, पण फुकट नाही. लांबच्या प्रवासानंतर पाहुणे उतरले की चिमट्यानं एकेकाच्या हातात गार ओला रुमाल द्यायचा, हे तिचं काम. या खेपेला तिनं त्यात स्वतःची भर घातली. ताईच्या कपाटातल्या बाटलीतून फुलांचा अर्क घेतला आणि रुमालांच्या डब्यात ओतला. थेंब थेंब नाही, चांगलं टोपणभर.

"अगं, जरा जास्तच झालं," ताई नाकाला पदर लावून म्हणाली. "गाडीतली माणसं शिंकून शिंकून बेजार होतील."

"तुला थाट कळत नाही," धाकटी म्हणाली.

गाडीत नऊ पाहुणे होते. सगळ्यांची नावं लक्षात ठेवणं अवघड, म्हणून धाकटीनं दोघांनाच नावं दिली होती. एक कॅमेरेवाले काका, ज्यांच्या गळ्यात दोन कॅमेरे आणि पोटावर तिसरा. दुसऱ्या, टोपीवाल्या बाई, ज्यांची टोपी खिडकीतून दोनदा उडाली आणि दोन्ही वेळा गाडी थांबवून ड्रायव्हरकाकांनी ती आणून दिली.

"तिसऱ्यांदा उडाली तर ती गुरांची," ड्रायव्हरकाका म्हणाले.

शेवटच्या वळणावर आई उभी राहिली आणि माइक हातात घेऊन नेहमीचे नियम सांगू लागली. विचारल्याशिवाय फोटो काढू नका. गाय आणि तिचं वासरू यांच्या मधून चालू नका. नुकत्याच जन्मलेल्या वासराला हात लावू नका. का, तेही आई सांगत होती. पाहुणे खिडकीबाहेर बघत होते. धाकटी रुमाल मोजत होती. हे नियम तिनं इतक्यांदा ऐकले होते की ते तिच्या कानावरून पाण्यासारखे वाहून जायचे.

माळावर काटेरी फांद्यांचं मोठं वाडगं होतं, म्हणजे गुरं कोंडायचं गोल कुंपण. शेजारी चार झोपड्या. कळपाची मालकीण दारात उभी होती. उंच, वाळलेली, खांद्यावर घोंगडं. आई तिला मावशी म्हणायची, म्हणून धाकटीही.

"आलात का आम्हाला बघायला?" मावशी म्हणाली. "बघा बघा. अजून आहोत."

आईनं ते पाहुण्यांना सांगितलं तेव्हा सगळे हसले. मावशी हसली नाही. धाकटीनं रुमाल वाटले. "वा, काय थाट आहे!" असं तीन जण म्हणाले, आणि धाकटीची मान वीतभर उंच झाली.

त्या सकाळी तांबडी गाय व्याली होती. तिचं हे पहिलंच वासरू. तिनं वासराला चाटून कोरडं केलं होतं, पण त्याला अजून उभं राहून पिता आलं नव्हतं. व्यायल्यानंतर तिला तहान लागलेली, म्हणून मावशीचा मुलगा तिला तळ्यावर घेऊन गेला होता. वासरू वाडग्याच्या एका कोपऱ्यात, सावलीत, गवतावर बसलं होतं. तंबू कुठे ठोकायचे ते ठरवायला मावशी आईला टेकाडापलीकडे घेऊन गेली. जाताना आई धाकटीला म्हणाली, "मी येईपर्यंत इथे दाराशी थांब. कुणाला आत सोडू नकोस."

धाकटी दाराशी थांबली. पाच मिनिटं कुणीच आलं नाही. मग टोपीवाल्या बाई आल्या.

"अगंबाई, किती गोड! एकदाच हात लावू का, बाळा?"

"नाही. आईनं सांगितलंय."

"बरोबर आहे तुझं. पण आता इथली गाइड कोण? तूच ना? गाइड मॅडम, परवानगी द्या की!"

गाइड मॅडम! तिला असं आजवर कुणी म्हटलं नव्हतं. धाकटीनं टेकाडाकडे पाहिलं. आई दिसत नव्हती.

"नुसतं एक बोट," ती म्हणाली.

एका बोटाचे दोन हात झाले आणि दोन हातांचे अठरा. कुणी वासराचं कपाळ चोळलं, कुणी पाठ, कुणी गळ्याखालची मऊ कातडी. कॅमेरेवाले काका म्हणाले, "जरा मिठीत घ्या, हां, असंच." वासरू बिचारं डोळे मिचकावत राहिलं. धाकटीनं सगळ्यांना रांगेत उभं केलं, ढकलाढकली होऊ दिली नाही, आणि आपण काम चोख करतोय असं तिला वाटलं. आई परत आली तेव्हा सगळे बाहेर होते आणि धाकटी दाराशी होती.

दुपारी तांबडी तळ्यावरून आली. चार वाजता दूध काढताना बघायचं, हा या सहलीचा मुख्य कार्यक्रम. पण त्याआधी वासराला पहिलं दूध, म्हणजे चीक, मिळायला हवा होता. आईनं पाहुण्यांच्या खुर्च्या कुंपणाबाहेर मांडल्या. मावशीनं वासराला उचलून गायीच्या कासेशी नेलं.

तांबडीनं मान वळवली, हुंगलं आणि फुरफुरली. मग तिनं वासराला ढुशी मारली. ते कोलमडलं. मावशीनं पुन्हा उभं केलं. या वेळी लाथ आली. मावशीच्या मुलानं गायीची शिंगं धरली, तरी ती गरगर फिरत राहिली आणि वासराकडे पाठ करून उभी राहिली.

"कसली आई म्हणायची ही!" टोपीवाल्या बाई हळहळल्या.

"शॉट मात्र झकास येतोय," कॅमेरेवाले काका म्हणाले.

मावशीचा मुलगा घाम पुसत आपल्या आईला म्हणाला, "हिच्यात मायाच नाही. उद्याच्या बाजारात देऊन टाकू. पोराला मारणारी गाय कळपात नको."

"आणि वासरू?" मावशीनं विचारलं.

"संध्याकाळपर्यंत चीक पोटात गेला नाही तर ते तरी कुठलं जगायला!"

हे बोलणं त्यांच्या बोलीत झालं. पाहुण्यांना कळलं नाही. धाकटीला शब्द न् शब्द कळला.

तिनं वासराकडे पाहिलं. मग गायीच्या नाकपुड्यांकडे पाहिलं. त्या फुलत होत्या आणि मिटत होत्या, जशा ताईच्या नाकपुड्या परवा कपाटापाशी फुलल्या होत्या. तिनं हळूच आपला तळवा नाकाशी नेला. तळव्याला दिवसभराची धूळ लागली होती, तरी फुलांचा वास तसाच.

ती गप्प बसली असती तर कुणाला काही कळलं नसतं. हे तुम्हीही लक्षात घ्या. गाय वाईट ठरली असती, पाहुणे हळहळत घरी गेले असते आणि पुढच्या खेपेला धाकटीनं पुन्हा रुमाल वाटले असते. तिनं तीन वेळा तोंड उघडलं आणि मिटलं. चौथ्या वेळी ती कुंपणाच्या आत गेली.

"मावशी, गायीचं काही चुकलं नाही," ती म्हणाली. "मी सगळ्यांना हात लावू दिला. नऊच्या नऊ जणांना. आणि त्यांच्या हाताला माझ्या रुमालाचा वास होता."

आईनं काही म्हणायच्या आधी मावशी खाली वाकली. तिनं वासराच्या मानेत नाक खुपसलं आणि दोन वेळा शिंकली.

"हे वासरू आहे की अत्तराची कुपी?" ती म्हणाली. मग मुलाकडे वळली. "आणि तू! दोन दिवस झाले सर्दीनं नाक चोंदलंय तुझं आणि गायीला नावं ठेवतोस. तिचं नाक तुझ्यापेक्षा बरं आहे."

आईचा चेहरा उतरला होता. "धाकटे, मी तुला काय सांगितलं होतं?" ती हळू आवाजात म्हणाली.

"पोरीला रागवायला अख्खा महिना पडलाय," मावशी म्हणाली. "दूध तेवढं थांबायचं नाही. आधी ही माणसं हटव इथून. पहिल्या वेताची गाय आहे, तिला इतके डोळे चालत नाहीत."

आई कुंपणाबाहेर गेली. "मंडळी, आज दूध काढताना बघता येणार नाही. आपण टेकाडापलीकडे जाऊ या."

"असं कसं?" कॅमेरेवाले काका उठून उभे राहिले. "आम्ही आलोय ते यासाठीच. तुमच्या पत्रकात छापलंय."

"छापलं ते मी," आई म्हणाली. "गायीनं नाही."

ड्रायव्हरकाकांनी खुर्च्या गोळा करायला सुरुवात केली. कॅमेरेवाल्या काकांची खुर्ची त्यांनी सगळ्यात आधी उचलली. टोपीवाल्या बाई मात्र लगेच निघाल्या. आपले दोन्ही हात त्यांनी पाठीमागे धरले होते.

मावशीनं वासराला राख आणि पाण्यानं धुतलं. जिथे तांबडी व्याली होती तिथलं ओलं गवत आणून त्याचं सगळं अंग त्या गवतानं घासलं. गायीच्या सडातून चार धारा ओंजळीत काढल्या आणि त्याच्या डोक्यावर, पाठीवर चोळल्या. शेवटी मूठभर मीठ पाठीवर भुरभुरलं.

"मीठ कशाला?" धाकटीनं विचारलं.

"गायीला मीठ आवडतं. मिठासाठी चाटेल. चाटता चाटता आपलंच पोर आहे हे तिला आठवेल. आठवलं तर." मावशीनं घोंगडं काढून धाकटीच्या अंगावर टाकलं. "हात पुढे कर."

धाकटीनं हात पुढे केले. मावशीनं ताज्या शेणानं ते कोपरापर्यंत माखले. धाकटीनं नाक मुरडलं नाही.

"मी गायीच्या तोंडाशी उभी राहते. पोरगा गेला पाहुण्यांना वाट दाखवायला. वासराच्या गळ्यातल्या दोरीचं टोक तू धरायचं. सैल धर, पण सोडू नकोस. खाली बस, गायीकडे पाठ करून. आणि मागे बघायचं नाही. तू बघितलंस की ती बिचकणार. काही झालं तरी नाही. समजलं?"

"ढुशी मारली तर?"

"तर तुला दोरीतून कळेल."

धाकटी बसली. कलतं ऊन तिच्या पाठीवर होतं. दोरीला एक हिसका बसला आणि मागे धप्प असा आवाज झाला. वासरू पडलं असावं. तिनं ओठ घट्ट मिटले. मग बराच वेळ काहीच नाही. एक माशी तिच्या कानाशी आली, गेली, पुन्हा आली. मागे मावशी गायीशी काहीतरी पुटपुटत होती, जसं रुसलेल्या माणसाशी बोलतात तसं.

मग खरखर ऐकू आली. खरबरीत जिभेची, सावकाश. थांबली. पुन्हा सुरू झाली. दोरी थोडी सैल झाली, पुढे सरकली, पुन्हा ताणली गेली. त्यानंतर अगदी बारीक, ओला आवाज आला. चुपुक. चुपुक, चुपुक.

टेकाडावरून कॅमेरेवाल्या काकांची हाक आली, "काय झालं? पितंय का? गाइड मॅडम, सांगा तरी!"

धाकटीनं मान वळवली नाही. पण ऊन मागून येत होतं, त्यामुळे तिच्या समोरच्या मातीवर लांब सावल्या पडल्या होत्या. गायीची मोठी, आणि तिच्या पोटाखाली शिरलेली एक लहान, हलणारी. मागे बघायचं नाही असं मावशीनं सांगितलं होतं. पुढे पडलेल्या सावलीबद्दल ती काहीच बोलली नव्हती.

धाकटीनं दोरी तशीच सैल धरून ठेवली आणि डोळे मिटून घेतले.