सतरा नंबरची खुंटी

पोरांनो, माझ्या स्वयंपाकघरात ज्या पितळी बिल्ल्यावर तुम्ही बोट फिरवून आकडे शिकता, त्यावर सतराच का, ते आज सांगते.

तरुणपणी मी या ड्राय फोर्क गावच्या शाळेत शिकवायचे. गुरं हाकणारे गडी गावात आले की आधी शाळेसमोरच्या कचेरीत पिस्तूल जमा करायचे. गावचा कायदा सांभाळणाऱ्या मार्शल ब्रँटचा मदतनीस ऑर्विल ते खुंटीला अडकवायचा आणि त्याच नंबरचा बिल्ला द्यायचा. चार वर्षांत त्याची एकही चूक नव्हती.

मग त्याचं नि माझं जमलं. गुपचूप. कारण शिक्षिकेनं पुरुषाच्या नादी लागायचं नाही, या कराराखाली माझी सही होती. मुलं घरी गेली, मी एकटी उरले, की त्याला खूण म्हणून खिडकीत निळी शाल वाळत घालायचे.

एका शनिवारी शाल दिसली आणि ऑर्विलनं समोरच्या गड्याला सतरा नंबरचा बिल्ला दिला, पण पिस्तूल घेतलंच नाही. तासाभरात त्या गड्यानं गोळी झाडून दारूच्या गुत्त्यातला दिवा फोडला. नशीब, कुणाला लागलं नाही.

"बिल्ला त्याच्याकडे, आणि खुंटी रिकामी!" मार्शल गरजले. "किती लाच घेतलीस रे?"

"एक छदामही नाही, साहेब."

"मग लक्ष कुठं होतं?"

दारातून गावचा न्हावी म्हणाला, "बघा, तोंडात मिठाची गुळणी धरलीय जणू!"

ऑर्विलनं छातीवरचा हुद्द्याचा तारा काढून टेबलावर ठेवला. बोलला असता तर माझी शाळा जाणार होती, नाही बोलला तर तो जन्मभर लाचखोर ठरणार होता.

बाहेरून हे सगळं ऐकलं नि खडूनं माखलेल्या हातांनी मी आत शिरले. "माझ्या खिडकीकडे होतं त्याचं लक्ष."

मार्शल म्हणाले, "बाई, गप्प बसला असतात तर शाळा टिकली असती."

"आणि याचं नाव?"

शाळा गेली. चूक खरी होती, म्हणून ताराही गेला. पण लाचखोर त्याला कुणी म्हटलं नाही. लग्नात मार्शलनी हा बिल्ला त्याच्या हातावर ठेवला. "गड्या, हा तरी नीट सांभाळ!"

शाळा गेली त्याच्या पुढच्याच सोमवारी, तेव्हा शाळकरी असलेल्या तुमच्या आज्या पाट्या घेऊन शिकायला माझ्या मागच्या दाराशी आल्या.

आता ऑर्विल नाही. शाल पार विरलीय. तरी शनिवारी तुम्ही गेलात की मी ती खिडकीत घालते. चला, आता सतरापुढचे आकडे म्हणा.