हजार मीटरच्या खाली

ऑस्ट्रियातल्या इन्सब्रुक शहराभोवतालच्या डोंगरांवर हजार मीटरच्या वर गेलं की सगळे एकमेकांना 'तू' म्हणतात. खाली उतरलं की पुन्हा 'तुम्ही'. नोटबुर्गा आणि विगिल, दोघंही साठी ओलांडलेले आणि एकटे, उन्हाळाभर वर 'तू' होते. आज विगिलने तिला पहिल्यांदाच शहरातल्या एका जुन्या, नावाजलेल्या रेस्टॉरंटात जेवायला बोलावलं होतं. इथे तो 'तू' म्हणाला तर आपण त्याच्या कोणीतरी आहोत, नाहीतर नुसती डोंगरातली सोबत, असं तिने मनाशी ठरवलं होतं.

वेटर येऊन उभा राहिला. विगिलने विचारलं, "तुम्ही सूप घेणार ना?"

तिचा चेहरा उतरला. "घेईन की. साहेब म्हणतील ते."

"साहेब? परवा वरच्या झोपडीत मला म्हातारा बोकड म्हणत होतीस!"

शेजारच्या टेबलावरच्या बाईंनी मान वळवली. विगिल कानापर्यंत लाल झाला.

"माफ करा, जीभ घसरली. खाली आधी बाईने 'तू' म्हणायचं असतं. मी आपला तुमची वाट बघत होतो."

"अरे देवा, मी तुझी बघत होते!" नोटबुर्गा हसली. "आता सूप सांग बघू. हे बिचारे ताटकळलेत."