पातळपणाचं कौतुक

मित्रांनो, मी एक जुना लॅपटॉप आहे. जुना म्हणजे सहा वर्षांचा. या वयात माणसांची मुलं नुकती कुठे शाळेत रुळतात, माझे मात्र दिवस भरले. मी अतिशय पातळ आहे. एके काळी हे मी तोऱ्यात सांगायचो. आता सांगताना मला माझीच किळस येते.

ज्या कारखान्यात मी घडलो, तिथे सगळ्यांना एकच ध्यास होता, मला बारीक करण्याचा. पंखा जागा खातो म्हणून तो काढून टाकला. मेमरी आणि साठवण बोर्डावरच झाळून पक्की केली. बॅटरी चिकटवून टाकली. वायरी जोडायला भोकं दोनच ठेवली, तीही मुंगीने अंग चोरून शिरावं अशी. काढता येण्यासारखं सगळं काढलं आणि उरलेलं पुन्हा कधी निघू नये असं बसवलं. जाहिरातीत या सगळ्याला सौंदर्य म्हणत असत.

माझी पहिली मालकीण कारखान्यांतले बॉयलर तपासत गावोगाव फिरायची. लहानथोर सगळे तिला मावशीच म्हणत. तिचा उजवा खांदा कायम दुखरा, आणि माझं वजन तिच्या जेवणाच्या डब्याहूनही कमी. तिला काय हवं असे? पानभर अहवाल लिहायचा आणि पाठवायचा. एकदा चार्ज केलं की दिवस निभायचा. मी तापत नव्हतो, आवाज करत नव्हतो. तिने जुन्या पडद्याच्या कापडाची खोळ शिवून मला घातली होती. असं फिरतीचं, लिहिण्यावाचण्याचं काम असेल, तर माझ्यासारखा सोबती नाही. हे मी आजही मान वर करून सांगेन.

मग मावशी निवृत्त झाली आणि तिची भाची आली.

भाची इमारतींचे नकाशे काढायची. ऑफिसातली नोकरी सोडून तिने स्वतःचं काम सुरू केलं होतं, आणि पहिलंच काम होतं मुलांच्या वाचनालयाचं. संपूर्ण इमारत पडद्यावर फिरवून समितीला दाखवायची होती. समितीला पसंत पडली तरच काम तिचं. तिच्याकडे जाडजूड लॅपटॉप होता. त्याचा पंखा घरघरायचा. घरात त्याला वीट म्हणत. पण पहिल्या बैठकीत समितीचे अध्यक्ष त्याच्याकडे बघून हसले, "बाई, तुम्ही याला उचलता की हा तुम्हाला?" ते तिला फार लागलं. दुसऱ्याच दिवशी वीट माळ्यावर गेली.

"मावशी, तुझा तो पातळ लॅपटॉप दे ना. आता तू कुठे रिपोर्ट लिहितेस?"

"ने की. पण त्याला झेपेल का तुझं काम?"

"झेपेल गं. आणि चारचौघांत काढायला बरा दिसतो."

यंत्राचं अंग बघून माणसाच्या कामाची पारख करणाऱ्यांचा मला तिटकारा आहे. पण तेव्हा मीही फुशारलो होतो, हे लपवून काय उपयोग?

तिचं टेबल एका पायाने आखूड होतं, सारखं डुगडुगायचं. त्यावर तिने वाचनालय उभं करायला घेतलं आणि माझी दातखीळ बसली. पंखा नाही, मग अंगातला ताप जाणार कुठे? मी तापलो की आपोआप मंदावायचो. एक जिना वळवायला पाच-पाच मिनिटं. ती पेन्सिल चावत बसायची. तिचा पेन ड्राइव्ह माझ्या भोकात शिरत नव्हता. मध्ये लावायचा तुकडा मावशीच्या चष्म्याच्या डबीत राहिला होता. "उद्या आणते," असं ती अकरा दिवस म्हणाली. तोवर अख्खं वाचनालय एकट्या माझ्या पोटात.

बैठकीच्या आदल्या दुपारी मी तव्यासारखा तापलो. या घरात तापलेलं काहीही फ्रीजमध्ये ठेवायची रीत होती, मोबाईलसुद्धा.

"दे इकडे," भाचीचा नवरा म्हणाला. "वीस मिनिटांत गार होईल."

"अरे, बिघडला तर?"

"मोबाईलला कधी काय झालंय?"

कालची भाजी आणि चिरलेला कांदा यांच्यामध्ये मला चालू ठेवूनच कोंबलं. शी! तो वास अजून माझ्या फटींतून गेलेला नाही. मग गारठ्यातून काढून थेट उकाड्यात ठेवलं. बाहेरून घाम फुटला तो त्याने नॅपकिनने टिपला. आतला कोण टिपणार? भाचीने झाकण उघडलं, बटण दाबलं आणि मी संपलो.

दुरुस्तीवाल्याने मला उघडून नाक मुरडलं.

"निदान डिस्क तरी काढून द्या," भाची म्हणाली.

"ताई, काढायला ती वेगळी असावी लागते. यात सगळं बोर्डावरच झाळलंय. बोर्ड गेला की सगळं गेलं."

"माझं वाचनालय आहे हो त्यात."

त्याने फुगलेली बॅटरी खरवडून काढली आणि मला पिशवीत घालून परत दिलं.

दुसऱ्या दिवशी ती कागदावरची चित्रं घेऊन गेली. अध्यक्षांनी ती नीट बघितलीही नाहीत. काम दुसऱ्याला मिळालं. मित्रांनो, ते अध्यक्ष मनाने माझ्यापेक्षाही पातळ निघाले.

आता वीट माळ्यावरून खाली आली आहे. दुरुस्तीवाल्याने चार स्क्रू काढून तिच्यात जास्तीची मेमरी बसवली. भाची तिच्यावर एका दवाखान्याचा नकाशा काढते आहे. विटेच्या भाराने टेबल जास्तच डुगडुगायला लागलं, तेव्हा नवऱ्याने कागदाच्या घड्या लावून पाहिल्या, पुठ्ठा लावून पाहिला. शेवटी मला आणलं.

मित्रांनो, आम्हाला घेताना वजन जरूर बघा, पण त्याआधी आपलं काम काय ते बघा. आणि एवढं विचारा, की हा उघडतो का, दुरुस्त होतो का, आपली कमाई पोटात घेऊन मरणार तर नाही ना. भाचीने हे विचारलं नाही, आणि मला कोणी बोलू दिलं नाही.

डोक्यावर विटेचा पंखा दिवसभर घरघरत असतो. टेबल आता हलत नाही. "पातळ आहे म्हणून इतका नेमका बसला," असं भाचीचा नवरा येणाऱ्याजाणाऱ्याला वाकून दाखवतो.