लाल रेघांची पत्रं

माझा मुलगा उज्ज्वल इथे सिंगापुरात, जुरोंग आयलंड नावाच्या तेल-कारखान्यांच्या बेटावर इंजिनिअर आहे. मोठमोठ्या टाक्या सांभाळतो म्हणे. बापाची पत्रं मात्र त्याला सांभाळता आली नाहीत, म्हणून हे लिहिते. मी दुसरी पास. त्यापुढचं वाचायला ह्यांच्या पत्रांनीच शिकवलं.

आमचे हे, गणपतराव, तीनदा आमदार. अधिवेशनाला मुंबईत गेले की आमदार निवासातून मला पत्र टाकायचे, मला वाचता यावं म्हणून अक्षर मोठं काढून. ते वारले तेव्हा तो गठ्ठा घेऊनच मी सिंगापूरला आले. ह्यांच्या जयंतीला पत्रांचं पुस्तक काढायचं उज्ज्वलच्या डोक्यात आलं. मीही खुशीने गठ्ठा दिला. शनिवारी पत्रांचे फोटो काढून गावाकडच्या छापखान्याला पाठवायचे होते.

गुरुवारी तो कामावर गेल्यावर मी गठ्ठा सोडला, तर पानोपानी लाल रेघा. "शांता, झेडपीचं तिकीट कुणाला द्यावं ते तू कळव." खोडलं. "तुझं उत्तर येईपर्यंत मी कुणालाच शब्द देत नाही." खोडलं. "भाषण तू सांगितलंस तसंच केलं, सभागृह गप्प झालं." तेही खोडलं. ठेवलं काय, तर औषध वेळेवर घे आणि म्हशीला पेंड घाल.

संध्याकाळी विचारलं तर उज्ज्वलसाहेब शांतपणे जेवत राहिले. म्हणाले, बाबांना लोक केवढं मानतात, आणि ते बायकोला विचारून राजकारण करायचे असं छापून आलं तर विरोधक हसतील. सून जान्हवी लगेच मध्ये पडली, की आई, तुम्हालाच त्रास होईल. मी तिला सांगितलं, माझा त्रास मला कळतो, तू वाढ. आणि उज्ज्वलला म्हटलं, छापायचं तर सगळं छाप, नाहीतर गठ्ठा परत दे.

"आई, पुस्तक बाबांचं आहे. तुझं नाही."

जेवण तसंच टाकून मी उठले.

त्याच आठवड्यात नात अवनी शाळेसाठी अमेरिकेच्या पहिल्या अध्यक्षाच्या बायकोवर लिहीत होती. मार्था नाव. शिक्षण बेताचं, पण नवरा लढाईवर असला की दर हिवाळ्यात त्याच्या छावणीत जाऊन राहायची. तिच्या घरी गुलाम राबायचे हे ऐकलं आणि ती माझ्या मनातून उतरली; आमच्या माणसांनी काय सोसलं ते मला ठाऊक आहे. शेवटी मात्र तिने नवऱ्याची आणि स्वतःची पत्रं जाळून टाकली, हाताच्या बोटांवर मोजण्याइतकी उरली. अवनीला फार वाईट वाटलं, इथल्या पोरांच्या इंग्रजीत म्हणाली, "सो सॅड लाह, आजी."

शुक्रवारी दुपारी उज्ज्वलच्या कपाटातून गठ्ठा काढला आणि लिफ्टने खाली गेले. चिनी लोकांचा पितरांचा महिना चालू होता. त्यात इमारतीखाली पितरांना पोचवायच्या खोट्या कागदी नोटा जाळायला लोखंडी पिंप ठेवतात. आम्ही बौद्ध, असलं काही मानत नाही, पण जाळ आयता पेटलेला होता. तिसऱ्या मजल्यावरची चिनी म्हातारी तिथे होती. तिने माझ्या हातातली अक्षरं बघितली, "हजबंड?" विचारलं आणि बाजूला सरकून मला जागा दिली. कागद अर्धवट राहू नये म्हणून सळईने ढवळूनही दिलं.

एकेक पत्र वाचायचं आणि टाकायचं, असं करता करता सहा वाजले. उज्ज्वल कंपनीच्या बसमधून उतरला तेव्हा दोन उरली होती. तो धावत येताना दिसला, तरी मी थांबले नाही.

"आई, बाबांचं एकसुद्धा ठेवलं नाहीस?"

"तू मला ठेवलं होतंस का रे त्यात?"

त्या दिवसापासून उज्ज्वल आपल्या खोलीतच जेवतो. जान्हवी ताट आदळून जाते. आदळू दे, ताट तिचंच आहे.

काल अवनीने हळूच विचारलं, आजोबा काय लिहायचे. तिला म्हटलं, वही आण. ज्यांच्यावर वाचायला शिकले ती काय विसरते मी? पहिल्या पत्रापासून सांगायला लागले, ती मोडक्यातोडक्या मराठीत उतरवायला लागली. तिकिटाच्या ओळीशी आलो, तर दारात उज्ज्वल उभा, कान देऊन.

मी अवनीला म्हटलं, ऊठ, दार लावून घे.