आत्या पुढच्या बाकावर बसल्या तो रविवार

चर्चच्या शेवटच्या बाकामागे, खांबाच्या आडोशाला एक टेबल आहे. त्यावरचा जुना साउंड मिक्सर म्हणजे मी. मित्रांनो, स्वयंपाकघरातल्या मिक्सरशी माझे नाते जोडू नका. तो वाटतो, मी जुळवतो. पाळकांचा माइक, गायनवृंदाचे माइक, पियानो, सगळ्यांच्या वायरी माझ्या पाठीत खुपसलेल्या असतात आणि तोंडावर सोळा सरकत्या पट्ट्या. पट्टी वर सरकवली की आवाज वाढतो, खाली ओढली की उतरतो. काम एवढेच, पण मी पार थकलो आहे. पाच पट्ट्या खरखरतात, नववी तर कायमची झोपली आहे.

एका कारखान्यात चष्मा लावलेल्या बाईने माझ्या तारांना एकेक डाग दिला, तपासनिसाने शिक्का मारला आणि मी खोक्यात बसून इथे आलो. पाळकांनी माझ्यावर हात ठेवून प्रार्थना केली. लोक रांगेने मला बघून गेले. "वा, काय चकाचक आहे!" हे माझे पहिले आणि शेवटचे कौतुक. पुढच्या रविवारपासून सगळ्यांची माझ्याकडे पाठच झाली, कारण बाके वेदीकडे तोंड करून असतात.

पाठ केली नाही ती फक्त आत्यांनी. त्या पाळकांच्या धाकट्या बहीण. दिवसभर वकिलाच्या ऑफिसात टाइप करायच्या आणि रविवारी माझ्यापाशी. मी आलो तेव्हा पाळक म्हणाले होते, "तुझी बोटं चालतात गं, जरा महिनाभर बघ." त्या महिन्याला बावीस वर्षे झाली.

पाळक नुसता उपदेश करत नसत, गात असत. गोष्ट सांगता सांगता शब्दांना चाल लागे आणि तीच चाल धरून अख्खे चर्च डोलू लागे. असा गाता उपदेश ऐकला, की माझ्यासारख्या पत्र्याच्या डब्यालाही देव जवळ आल्यासारखा वाटतो. उंच सुरावर चढण्याआधी ते आवाज अगदी खाली, श्वासाइतका आणत. तेव्हा पट्टी तिथेच ठेवायची आणि ते चढू लागले की हळूच खाली घ्यायची. हे आत्यांना कुणी शिकवले नव्हते. लहानपणापासूनचा भाऊ तो!

पण मित्रांनो, ही राखण करणाऱ्याला डोळे मिटता येत नाहीत. प्रार्थनेला दोनशे माना झुकायच्या, तेव्हा आत्या टक्क उघड्या डोळ्यांनी माझे दिवे बघत असायच्या. पुढे कॅमेरा आला. अंथरुणाला खिळलेल्या अकरा जणांना घरी उपासना दिसू लागली. त्यांच्याकडे जाणारा आवाजही माझ्यातूनच जायचा. आत्यांचा एक डोळा माझ्यावर, दुसरा कॅमेऱ्यावर. सगळे सुरळीत झाले तर कुणी मागे वळून बघत नसे. एकदा जरा खरखर झाली, की दोनशे माना एकदम मागे!

मग पाळकांनी निवृत्त व्हायचे ठरवले. शेवटच्या उपदेशाच्या तीन आठवडे आधी आत्या कमिटीपुढे उभ्या राहिल्या. "त्या रविवारी मला पुढे बसायचंय. दादाला ऐकायचंय. कुणीतरी शिकून घ्या."

"अहो आत्या, तुमच्याशिवाय कुणाला जमणार?" खजिनदार हसत म्हणाले.

"तुमचा हातच वेगळा!" गायनवृंदाच्या बाई म्हणाल्या.

"हात वेगळा नाही हो, सवय आहे. एक शनिवार या."

शनिवारी कुणी आले नाही. दुसऱ्या शनिवारीही नाही. कौतुक करून काम टाळायची ही कला माणसांनाच जमते. शेवटी सेक्रेटरी म्हणाले, "मी बसतो. घरी केवढा मोठा टीव्ही आहे माझ्याकडे, सगळं मीच जोडलं." आत्यांनी पट्ट्यांखाली चिकटपट्टीवर नावे लिहिली आणि एक कागद ठेवला : 'माइकची शिट्टी वाजू लागली तर पहिली, पाळकांची पट्टी थोडी खाली. बाकीच्यांना हात लावू नये.'

त्या रविवारी आत्या पहिल्या बाकावर बसल्या. पाळकांनी वादळात सापडलेल्या नावेची गोष्ट घेतली. नाव बुडू लागली तसा त्यांचा आवाज खाली, आणखी खाली गेला. सेक्रेटरींना वाटले, ऐकू जात नाही. त्यांनी पट्टी वर ढकलली. "अहो, नका!" असे मी ओरडलो असतो, पण मला स्वतःचा आवाज नाही. नावाड्याने देवाला हाक मारली, पाळक उंच सुरावर चढले आणि माझ्यातून अशी शिट्टी निघाली की पोरांनी कान झाकले.

दोनशे माना मागे. सेक्रेटरींनी घाबरून सोळाच्या सोळा पट्ट्या खाली ओढल्या. आत्या उठल्याच.

पाळकांनी माइक बाजूला ठेवला. "तू बस गं," ते पुलपिटाच्या चौथऱ्यावरून म्हणाले. "बावीस वर्षं उभी आहेस. आज बस." आणि माइकशिवाय गाऊ लागले.

लोकांनी खोकलासुद्धा गिळला. तो म्हातारा, किंचित थरथरता आवाज स्वतःच्या पायांनी चालत शेवटच्या बाकापर्यंत आला. आत्यांनी डोळे मिटले. सेक्रेटरींनी सुटकेचा निःश्वास टाकला आणि हात जोडले. पट्ट्या खालीच राहिल्या. घरी बसलेले अकरा जण कुणालाच आठवले नाहीत, आत्यांनाही नाही.

दुसऱ्या दिवशी फोन सुरू झाले. गोदीत क्रेन चालवून निवृत्त झालेले आजोबा म्हणाले, "पाळकांचं तोंड हलताना दिसलं. मला वाटलं, माझे कानच गेले." रेकॉर्डिंगही मुकेच निघाले.

"आत्या, तुम्ही जागेवर असता तर हे झालं नसतं," खजिनदार म्हणाले.

"नसतं झालं," आत्या म्हणाल्या. "आजोबांची मी माफी मागेन. पण जागेवर असते तर दादाचा आवाज सांभाळला असता, ऐकला नसता. तुमच्यापैकी एकजण जरी शनिवारी आला असता, तर दोन्ही झालं असतं."



त्या आठवड्यात पाळक अकराही घरी गेले. प्रत्येकाच्या उशाशी बसून नावेची तीच गोष्ट त्यांनी पुन्हा गायली. आत्याही त्यांच्यासोबत होत्या, रिकाम्या हातांनी. हे मला सेक्रेटरींकडून कळले. शनिवारी दुपारी आत्या माझ्यापाशी असताना ते एकटेच आले, माझ्यावरची धूळ पुसली आणि आत्यांना हळूच म्हणाले, "ही पहिली पट्टी नेमकी किती खाली घ्यायची, ते दाखवता का?"

मित्रांनो, माझे फार दिवस राहिले नाहीत. माझ्या जागी नवा मिक्सर येईल, त्याचीही धूळ पुसत जा. पण यंत्र थकले तर नवे आणता येते. ते चालवणारे माणूस थकले तर ते सांगत नाही, पुढच्या रविवारी पुन्हा येते. म्हणून एखादा रविवार अगदी छान पार पडला, की मागे वळून बघा. तिथे जे कुणी उभे असेल त्याला नुसते शाबास म्हणू नका. खुर्ची ओढून त्याच्या शेजारी बसा आणि काम शिकून घ्या.